जुन्या गाडीचे ओरिजिनल पार्ट ऑनलाइन कसे घ्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, पालिओ, आयकॉन, स्पार्क, लोगन अशा गाड्या आजही रोज चालवणाऱ्यांसाठी आहे. शोरूमच्या काउंटरवर "हा पार्ट आता येत नाही" हे उत्तर ज्यांनी ऐकलंय, त्यांना पुढची वाट ऑनलाइनच सापडते. त्या वाटेवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे घेतले आहेत.

जेन्युइन, ओईएम, कंपनी मेक, लोकल, डुप्लिकेट: यात फरक काय?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी बनवणारी कंपनी बरेचसे पार्ट स्वतः बनवत नाही. शॉकअप गॅब्रिएलचे असतात, हेडलाइट ल्युमॅक्सची, बेअरिंग एसकेएफचं, ब्रेक लायनिंग राणेचं, मारुतीच्या अनेक गाड्यांचा एसी सुब्रोसचा. हेच पार्ट मारुतीच्या, टाटांच्या किंवा ह्युंदाईसाठी मोबिस या तिच्या सुट्या भागांच्या कंपनीच्या पाकिटात भरून विकले की त्यांना 'जेन्युइन' म्हणतात. तोच कारखानदार स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकतो, त्याला बाजारात ओईएम किंवा 'कंपनी मेक' म्हणतात. तिसरा प्रकार, 'आफ्टरमार्केट', म्हणजे गाडी बनताना ज्याचा माल लागला नव्हता, पण जो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर चांगला माल करतो, असा उत्पादक. त्यानंतर 'लोकल', म्हणजे ज्यावर धड कुणाचं नाव नाही असा माल. आणि शेवटी डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून छापलेला.

लोकल आणि डुप्लिकेट यांची गल्लत करू नका. लोकल पार्ट स्वस्त असतो आणि तो काय आहे हे लपवत नाही. दरवाजाच्या हँडलला तो चालूनही जाईल. डुप्लिकेट मात्र फसवणूक आहे आणि ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाही आहे. त्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

वेबसाइटवर 'ओईएम क्वालिटी', 'ओरिजिनल टाइप', 'शोरूम जैसा' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एकच: हा पार्ट ओरिजिनल नाही. ओरिजिनल मालाला 'जैसा' लावावं लागत नाही.

पार्ट नंबर का लागतो? गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं तर पुरत नाही का?

नाही पुरत, आणि ऑनलाइन खरेदीत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

एकाच नावाची गाडी अनेक वर्षं बनते आणि मधल्या काळात आतून बदलत राहते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी तीस वर्षं बनली. कार्बोरेटरची ८०० आणि एमपीएफआयची, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी, ८०० यांचं इंधनाचं आणि इग्निशनचं सामान वेगळं. सँट्रो १९९८ ला आली, २००३ ला सँट्रो झिंग झाली आणि २०१४ पर्यंत चालली. 'सँट्रोचा पार्ट' असं नुसतं म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय काही मॉडेलांत एकाच वर्षी दोन पुरवठादारांचे ब्रेक कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) किंवा क्लच बसवले गेले. अशा वेळी वर्ष बरोबर, मॉडेल बरोबर, आणि पॅड तरी कॅलिपरमध्ये जात नाही.

त्यातही आरसीवर नोंदणीची तारीख वेगळी आणि उत्पादनाचा महिना वेगळा. नोव्हेंबरमध्ये बनलेली गाडी पुढच्या मार्चमध्ये विकली गेली असेल, तर पार्ट शोधताना उत्पादनाचा महिना धरायचा.

हा नंबर मिळवायचा कुठून?

चार ठिकाणं आहेत. ज्या क्रमानं सांगतोय त्याच क्रमानं करून बघा.

पहिलं, काढलेला जुना पार्ट. मेकॅनिकला सांगून ठेवा की जुना पार्ट फेकायचा नाही. रॉकेल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो स्वच्छ करा आणि उजेडात तिरका धरा. ब्रेक पॅडच्या मागच्या पत्र्यावर, क्लच प्लेटच्या मधल्या चकतीवर, सेन्सरच्या प्लॅस्टिकवर, रबरी होजच्या अंगावर पांढऱ्या शाईत नंबर असतो. कधी तो गाडीच्या कंपनीचा असतो, कधी पार्ट बनवणाऱ्याचा. दोन्हींचे फोटो काढा. मात्र गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर आधीच्या मालकानं काय बसवलंय याची खात्री नसते, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

दुसरं, चेसिस नंबर. तो आरसीवर असतो आणि गाडीच्या अंगावरही ठोकलेला असतो, बहुधा बॉनेट उघडल्यावर मागच्या आडव्या पत्र्यावर. अलीकडच्या गाड्यांत तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. कुणी तुमचा नंबर वाचताना 'ओ' म्हणालं तर ते शून्यच आहे. सुरुवातीची तीन अक्षरं उत्पादकाची: मारुतीला एमए३, ह्युंदाईला एमएएल, टाटांना एमएटी, फोर्डला एमएजे. हा नंबर कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर दिला की तिथला माणूस कॅटलॉगमध्ये तुमच्याच गाडीचं पान उघडू शकतो. पार्ट तिथे मिळो न मिळो, नंबर मागून घ्या. बहुतेक जण देतात. सकाळच्या गर्दीत न जाता दुपारी जा.

तिसरं, ऑनलाइन कॅटलॉग. सुट्या भागांच्या मोठ्या वेबसाइटवर गाडीचे सुटे सुटे भाग दाखवणारी चित्रं असतात. चित्रातल्या आकड्यावर बोट ठेवलं की नंबर येतो. चित्र नीट बघा. डावं-उजवं, वरचं-खालचं, बुशसकट की बुशशिवाय, हे तिथेच कळतं.

चौथं, त्याच गाडीचे इतर मालक. मात्र त्यांच्याकडून आलेला नंबर पडताळल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

नंबर खरा आहे हे मला कसं कळेल? मला तर सगळे आकडे सारखेच दिसतात.

थोडं लक्ष दिलं तर आकडे बोलू लागतात. मारुतीच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात. १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर, १३७८० म्हणजे एअर फिल्टर, ५५८१० म्हणजे पुढचे ब्रेक पॅड, २२४०० म्हणजे क्लच प्लेट, १७४०० म्हणजे वॉटर पंप. पुढचा भाग मॉडेल आणि बदल सांगतो. ह्युंदाईचीही रीत अशीच: २६३०० ऑइल फिल्टर, ५८१०१ पुढचे पॅड, ४११०० क्लच प्लेट. टाटांचा नंबर १२ आकडी असतो.

म्हणजे कुणी मारुतीची क्लच प्लेट म्हणून २२१०० नं सुरू होणारा नंबर पाठवला, तर तो प्रेशर प्लेटचा नंबर आहे हे पैसे भरण्याआधीच तुम्हाला कळेल.

मी शोधलेला नंबर "बंद झाला" असं दाखवतं. आता?

घाबरू नका. कंपन्या पार्टमध्ये लहानसा बदल केला की जुना नंबर बंद करून नवा देतात. नवा नंबर जुन्याच्या जागी चालतो. चांगल्या वेबसाइटवर 'याऐवजी हा' अशी साखळी दिसते. अधिकृत काउंटरवरच्या संगणकावरही दिसते. साखळीच्या टोकापर्यंत जा. टोकाचा नंबरही बंद असेल, तरच पार्ट खरंच संपला असं समजा.

माझ्या गाडीची कंपनीच भारतातून गेली. मी काय करू?

हा प्रश्न शेवरले, फोर्ड आणि फियाटवाल्यांचा. तिन्हींची स्थिती वेगवेगळी आहे.

शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला आणि पुढे ह्युंदाईनं घेतला. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि पार्टचा पुरवठा चालू ठेवला. फियाटच्या पुंटो आणि लिनिया रांजणगावला बनत, त्याही आता बनत नाहीत.

या गाड्यांचा आधार म्हणजे त्यांची नाती. फियाटचं १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये होतं, टाटांच्या इंडिका विस्टामध्ये होतं, शेवरलेच्या सेलमध्येही होतं. स्विफ्ट डिझेल रस्त्यावर भरपूर असल्यामुळे त्या इंजिनाचं सामान आजही सहज मिळतं. शेवरले स्पार्कचं मूळ देवूच्या मटीझमध्ये, ऑप्ट्राचं देवूच्या लसेटीमध्ये. नाशिकला बनलेली महिंद्रा-रेनॉ लोगन पुढे व्हेरिटो झाली. तिचं दीड लिटर डिझेल इंजिन डस्टर, टेरानो आणि सनीतही त्याच घराण्यातलं आहे.

तरीही "इंजिन एकच आहे, डोळे झाकून घ्या" असं कुणी म्हटलं तर थांबा. त्याच मल्टीजेटचे ७५ आणि ९० पीएस ताकदीचे प्रकार आहेत आणि त्यांचे टर्बो वेगळे आहेत. माउंटिंग, सेन्सर, पाइपांची वळणं प्रत्येक गाडीत निराळी. पिस्टन रिंग जुळेल, इंजिन माउंटिंग जुळणार नाही. अशा वेळी कारखानदाराचा नंबर कामाला येतो: जुन्या पार्टवर बॉश, वॅलिओ किंवा लूक अशा पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा जो नंबर आहे, तोच नंबर दुसऱ्या गाडीच्या यादीत सापडला की जुळणी पक्की.

बॉडीच्या सामानाला मात्र नातेवाईक नसतात. बंपर, हेडलाइट, फेंडर, डॅशबोर्ड, काचा हे त्या त्या गाडीचंच लागतं, आणि आधी संपतं तेही हेच.

पद्मिनी किंवा अँबॅसिडरचं काय?

अँबॅसिडर मे २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती. कुर्ल्याची पद्मिनी त्याआधीच थांबली होती, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाड्यांना कंपनीच्या पाकिटातलं नवं सामान आता जुन्या साठ्यातूनच मिळतं. ऑनलाइन ते नुसत्या फोटोवर घ्यावं लागतं, म्हणून मोजमाप मागा. जुना पार्ट आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि विक्रेत्याकडून तसाच फोटो मागवा. जो माणूस हा फोटो काढायला कंटाळतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कोणता पार्ट कंपनीचाच घ्यायचा आणि कुठे पैसे वाचवले तरी चालतील?

माझं मत स्पष्ट आहे. गाडी थांबवणारं, वळवणारं आणि इंजिन वाचवणारं सामान जेन्युइन किंवा नावाजलेल्या कारखानदाराचंच घ्या. ब्रेक पॅड, लायनर, ब्रेक होज, मास्टर सिलिंडरचं किट, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट. अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टमध्ये वाचवलेल्या पैशांचा त्या बिलापुढे काही हिशोबच लागत नाही.

सेन्सरच्या बाबतीत लोक फसतात. क्रँक सेन्सर किंवा ऑक्सिजन सेन्सर लोकल घेतला की गाडी सुरू होते, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग आठवड्यानं गरम झाल्यावर बंद पडते, आणि मेकॅनिक वायरिंग शोधत बसतो. सेन्सर कंपनीचाच घ्या.

वायपर, बल्ब, फ्लोअर मॅट, आरशाची काच, दरवाजाचं हँडल, बीडिंग, व्हील कॅप यात नावाजलेला आफ्टरमार्केट माल खुशाल घ्या. शॉकअपच्या बाबतीत गाडीच्या कंपनीच्या पाकिटाचा हट्ट धरू नका. मूळ कारखानदाराच्या पाकिटातले घ्या, पण जोडीनंच बदला.

विक्रेता कसा पारखावा?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाइटवर विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क, परतीच्या अटी आणि माल कुठल्या देशात बनला हे दिसायला हवं. मोठ्या बाजारपेठेच्या वेबसाइटवर 'विक्रेता' या शब्दावर बोट ठेवून बघा. माल त्या वेबसाइटचा नसतो, कुणा दुकानदाराचा असतो. त्या दुकानदाराकडे आणखी काय काय आहे तेही बघा. जो फक्त गाडीचे पार्ट विकतो, त्यातही एकदोन कंपन्यांचे, तो बहुधा जाणकार असतो. मोबाइलची कव्हरं, पतंगाचा मांजा आणि ब्रेक पॅड एकत्र विकणाऱ्याला पॅडबद्दल काही माहीत असण्याचं कारण नाही.

ऑर्डरआधी एक प्रश्न विचारा: "पाकिटावरच्या लेबलचा फोटो पाठवाल का? नंबर आणि महिना-वर्ष दिसेल असा." ज्याच्याकडे माल आहे तो फोटो पाठवतो. जो कंपनीच्या वेबसाइटवरचं चित्रच परत पाठवतो, त्याच्याकडे माल नाही.

आणि जीएसटी बिल हवंच. बिलावर पार्ट नंबर छापून घ्या. 'ऑटो पार्ट, १ नग' असं मोघम बिल पुढे तक्रार करताना काही कामाचं नसतं.

किंमत किती असावी? खूप स्वस्त दिसतंय, घेऊ का?

पाकिटावरची एमआरपी सगळे कर धरून असते आणि त्याहून जास्त घेणं बेकायदा आहे. जेन्युइन पार्टवर दुकानदार थोडी सूट देऊ शकतो, पण निम्म्या किमतीत नवा कोरा जेन्युइन क्लच सेट कुणीही देऊ शकत नाही. तिथेच संशय घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बऱ्याच पार्टवर तो २८ टक्के होता. म्हणून जुन्या छपाईची एमआरपी आणि आताची किंमत यात फरक दिसणं साहजिक आहे. विक्रेता जुन्याच दरानं कर लावत असेल तर बिल दाखवून विचारा.

पार्सल आलं. उघडताना काय करायचं?

सील तोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि पत्त्याच्या लेबलपासून पार्ट हातात येईपर्यंत तो थांबवू नका. मग पाकीट वाचा. कायद्यानं पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क असावा लागतो. पाकिटावरचा नंबर आणि पार्टवर ठोकलेला नंबर जुळतो का बघा. पाकीट खरं आणि आतला माल खोटा, हाही धंदा चालतो. म्हणूनच जेन्युइन पार्टचं रिकामं पाकीट भंगारवाल्याला अखंड देऊ नका, फाडून टाका.

क्यूआर कोड स्कॅन करताना तो कुठली वेबसाइट उघडतो ते नीट वाचा. खोटा कोड खोट्या पानावर नेतो आणि तिथे हिरवी खूण दाखवणं फार सोपं आहे. बेअरिंगसाठी एसकेएफचं 'एसकेएफ ऑथेंटिकेट' हे ॲप आहे, त्यातून फोटो पाठवून शंका विचारता येते.

एक खूण जुन्या मालाची: बॉशच्या भारतातल्या कंपनीचं नाव २००८ पर्यंत मायको होतं. आपले मेकॅनिक अजूनही 'मायकोचा पंप' म्हणतात. पण मायको छापलेल्या पाकिटावर अलीकडचं वर्ष असेल, तर ते पाकीट खोटं.

डुप्लिकेट ऑइल फिल्टर आणि प्लग ओळखता येतात का?

येतात, आणि सर्वात जास्त नकला यांच्याच होतात, म्हणून जरा सविस्तर.

डब्यासारख्या ऑइल फिल्टरच्या तोंडात डोकावा. कडेच्या बारीक भोकांमागे रबराची एक चकती दिसते. इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली उतरू नये म्हणून ती असते. काडीनं हळूच दाबली तर मऊ लागते आणि सोडली की जागेवर येते. नकली फिल्टरमध्ये ती कडक असते, वेडीवाकडी बसवलेली असते किंवा नसतेच. अशा फिल्टरनं सकाळी गाडी सुरू केली की ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो आणि वरून टकटक ऐकू येते. शंका असेल तर काढलेला फिल्टर कापून बघा: चांगल्या फिल्टरच्या कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर असतात, कागद टोकांना पूर्ण चिकटलेला असतो. नकलीत घड्या एका बाजूला गोळा झालेल्या सापडतात.

स्पार्क प्लगमध्ये वाकवलेला पत्रा मधल्या टोकाच्या बरोबर वर, सरळ रेषेत हवा. आटे स्वच्छ हवेत. खालची वॉशर हातानं सहज निघून येऊ नये. पांढऱ्या चिनी मातीवरची छपाई नखानं खरवडली तर जाऊ नये.

भंगारातला, म्हणजे जुन्या गाडीतून काढलेला पार्ट घ्यावा का?

काही पार्टना तोच एक मार्ग असतो. दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट्टै या जुन्या पार्टच्या बाजारांतला असा माल आता ऑनलाइनही येतो. दरवाजा, डिकीचं झाकण, सीटची रेल, काच वर-खाली करणारी मशीन, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, मीटर हे बघून घ्यायला हरकत नाही. अपघातातल्या गाडीचं आहे का ते विचारा. बोल्टच्या भोकाभोवतीचा रंग तडकलेला दिसला तर पत्रा ओढला गेला आहे.

ब्रेक, स्टिअरिंग, सीट बेल्ट, एअरबॅग आणि टायर मात्र कधीही जुने घेऊ नका. सीट बेल्ट एका अपघातात ताणला गेला की पुन्हा तेवढा भार घेईल याचा भरवसा नसतो, आणि तो वरून तसाच दिसतो.

एअरबॅग बदलायची आहे. ऑनलाइन घेऊ?

ऑनलाइन घेऊच नका. आधी कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाडी परत बोलावणं, आहे का बघा. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे होंडानं भारतातही जुन्या सिटी, सिव्हिक, जॅझ, अकॉर्ड परत बोलावून इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुकट बदलून दिले. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपल्या गाडीचं हे काम राहिलं आहे हे ठाऊक नसतं.

वीस वर्षांपूर्वीचा, न वापरलेला, सीलबंद पार्ट मिळतोय. चांगला का?

धातूचा असेल तर उत्तम. गिअर, शाफ्ट, पत्रा, केबलची बाहेरची नळी, काच यांना वयानं फारसं काही होत नाही, गंज तेवढा बघा. रबर मात्र पाकिटातही म्हातारं होतं. टायमिंग बेल्ट, ऑइल सील, ब्रेकचे रबरी कप, होज, बुश जुन्या साठ्यातले घेऊ नका. वीस वर्षांच्या वॉटर पंपाचं सील कोरडं पडलेलं असतं. बसवल्यावर पहिल्याच महिन्यात गळू लागलं तर विक्रेत्याला दोष देता येत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचल्याशिवाय टायर घेऊ नका.

ई२० पेट्रोलमुळे जुन्या गाडीत काय बदलावं लागेल?

देशभर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही म्हटलं आहे. म्हणून फ्युएल होज घेताना तो इथेनॉलला चालतो का, हे विचारून लेबलवर बघून घ्या. मीटरनं मोजून मिळणारा बिननावाचा काळा पाइप पेट्रोलसाठी घेऊ नका. तो फुगतो, भेगाळतो आणि इंजिनाजवळ गळतो. कार्बोरेटरच्या गाडीला किट घ्यायचं तर त्यातले ओ-रिंग आणि डायफ्रामही याच कसोटीवर बघा.

मेकॅनिक म्हणतो, "तुम्ही आणलेला पार्ट मी लावणार नाही."

त्याची बाजू समजून घ्या. पार्टवर त्याला चार पैसे सुटतात, आणि पार्ट खराब निघाला तर पुन्हा खोलण्याची मजुरी त्याला कोण देणार? आधीच बोलून घ्या: पार्ट माझा, फिटिंगची हमी तुमची, पार्टमुळे पुन्हा खोलावं लागलं तर मजुरी मी देईन. असं ठरलं की बहुतेक मिस्त्री तयार होतात. पार्ट हातात येईपर्यंत गाडी खोलू नका, नाहीतर कुरिअर येईपर्यंत गॅरेजची जागा अडते आणि संबंध बिघडतात. काही कंपन्यांची वॉरंटी अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवलं तरच मिळते, हेही आधी विचारून घ्या.

पार्ट डुप्लिकेट किंवा चुकीचा निघाला. "नो रिटर्न" लिहिलं होतं. पैसे गेले का?

नाही. माल सदोष, बनावट किंवा वर्णनापेक्षा वेगळा असेल तर ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो, 'नो रिटर्न' लिहिलं असलं तरी. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणं बंधनकारक आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. मात्र तुम्हीच चुकीचा नंबर दिला असेल तर हा सगळा अधिकार लागू होत नाही. तिथे विक्रेत्याची परतीची अटच चालते.

व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायब झाला, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

पुण्या-मुंबईत असताना ऑनलाइन घ्यायची गरज आहे का?

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊसला चालू मॉडेलांचा माल हातात घेऊन बघता येतो, हा मोठा फायदा. नंबर ऑनलाइन काढा, किंमत ऑनलाइन बघा आणि मग दुकानात जा. नंबर घेऊन आलेल्या माणसाशी दुकानदारही नीट बोलतो. सांगली, लातूर, कणकवली अशा ठिकाणी राहणाऱ्यांना मात्र ऑनलाइनचा खरा उपयोग. तिथे एका सेन्सरसाठी गाडी आठवडाभर उभी राहते.

विम्यातून पार्टचे पूर्ण पैसे मिळतात का?

जुन्या गाडीला नाही. साध्या पॉलिसीत १० वर्षांवरील गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा (वयामुळे किमतीत धरलेली घट) कापतात, रबर-प्लॅस्टिकवर वयाचा विचार न करता ५०, फायबरवर ३०, काचेवर घसारा कापत नाहीत. पार्ट ऑनलाइन घेणार असाल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला आधी सांगा आणि गाडीच्या मालकाच्याच नावाचं जीएसटी बिल घ्या.

गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवायची आहे. कोणते पार्ट आत्ताच घेऊन ठेवावेत?

जे संपत चालले आहेत आणि जे साठवून खराब होत नाहीत, तेवढेच. मागची लाइट, हेडलाइट, दरवाज्यांची कुलपं आणि हँडलं, काच वर-खाली करणारी मशीन, आरसे, स्विच, पुढची काच मिळत असेल तर तीही, पण ती उभी आणि लाकडी चौकटीत ठेवायची जागा असेल तरच. बंद पडलेल्या कंपनीची गाडी असेल तर स्पीडोमीटरचा सेन्सर आणि एखादी इग्निशन कॉइल. प्रत्येक पाकिटावर मार्करनं घेतल्याची तारीख आणि गाडीचा चेसिस नंबर लिहा. हेडलाइट घरी येताच एकदा गाडीवर लावून, पेटवून बघा आणि मगच कपाटात ठेवा. परतीची मुदत संपल्यावर क्लिप तुटलेली सापडली तर काही करता येत नाही. बेल्ट, होज, सील, टायर आणि ब्रेक फ्लुइड साठवू नका, ते लागतील तेव्हा ताजे मागवा.